नदीसाठी राजीनामा

आमच्या घरात राजीनामा हा शब्द रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास यायचा. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीतून सायकलवर यायचे, सायकल जिन्याखाली टेकवायचे आणि वर येऊन टोपी खुंटीला अडकवता अडकवता म्हणायचे, की उद्याच्या उद्या साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकतो. आई आतून म्हणायची, आधी हातपाय धुवा. ते हातपाय धुवायचे, चहा प्यायचे, आणि राजीनामा दुसऱ्या दिवसापर्यंत राहून जायचा. धाराशिवात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि खाली टायपिंगचा क्लास होता. सकाळी सातपासून तिथं मशिनी सुरू व्हायच्या. ओळ संपली की टिंग वाजायचं, आणि पंधरा-वीस मशिनींचं टिंग काही एका वेळी वाजत नसे, त्यामुळं दिवसभर कुणीतरी देवाची घंटी वाजवतंय असं वाटायचं. अण्णांना तो आवाज आवडायचा. मला त्याचा वीट आला होता. कॉलेज संपलं की मला तिथंच बसवायचं, चाळीसचा स्पीड झाला की कुठंतरी चिकटवायचं, हे घरात जवळजवळ ठरलेलं होतं, आणि मला त्यातलं काहीच नको होतं. मला काय हवं होतं ते मात्र मला सांगता येत नव्हतं, म्हणून मी चिडचिड करायचे.

ते काय हवं होतं ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी समजलं. आमच्या खेळाच्या मॅडमनी एक दिवस वर्गात येऊन एक छापील पत्रक वाचून दाखवलं. उत्तरेत, हिमालयाच्या पायथ्याशी, एका संस्थेनं मुलींसाठी दहा दिवसांचं राफ्टिंगचं शिबिर काढलं होतं. रबरी होडीत सहा जणी बसायच्या, हातात वल्ही घ्यायची आणि डोंगरातून धावत येणाऱ्या नदीत होडी घालायची. आमच्या कॉलेजातून दोघींना जाता येणार होतं. मी नदी म्हणून जी पाहिली होती ती आमची तेरणा, आणि तीही वर्षातले आठ महिने वाळूच. मॅडमनी नदीचं चित्र वर धरलं. त्यात पाणी दुधासारखं पांढरं होऊन होडीच्या वर उडालं होतं आणि होडीतल्या मुली तोंड उघडून ओरडत होत्या. माझा हात आपोआप वर गेला. दुसरा हात शकूचा होता. शकू येरमाळ्याची, वसतिगृहात राहायची, आणि तिच्याच शेतातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून मी दोन उन्हाळ्यांपूर्वी पोहायला शिकले होते. तेही घरी न सांगता, कारण अण्णा मला विहिरीच्या काठावर उभंसुद्धा राहू देत नसत. त्यांचं ते नेहमीचंच. नळाखाली बादली भरून वाहायला लागली तरी ते लांबूनच मला हाक मारायचे.

आता इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. मी घरी येऊन अण्णांना सांगितलं, की राफ्टिंगच्या शिबिराला माझी निवड झालीय. अण्णांनी ऐकलं ड्राफ्टिंग. ड्राफ्टिंग म्हणजे मसुदा लिहिणं, आणि मसुदा हा अण्णांचा जीव की प्राण. त्यांचा मसुदा साहेब न वाचता सही करून पाठवतात हा त्यांचा एकमेव अभिमान होता. त्यांचा चेहरा इतका फुलला की मी दुरुस्ती केलीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या कचेरीत जाहीर झालं, की नलू उत्तरेत ड्राफ्टिंगच्या ट्रेनिंगला निघाली. आठवडाभर त्यांनी मला जेवताना ‘उपरोक्त विषयान्वये’ आणि ‘सदर प्रकरणी’ कुठं वापरायचं ते शिकवलं. मी माना डोलावल्या. शेवटी पत्रक त्यांच्या हाती पडलं, त्यातलं चित्र त्यांनी पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग पत्रक पंचांगाच्या मागं ठेवून दिलं. नको म्हणाले नाहीत. हो तर नाहीच म्हणाले. मला वाटलं, हे असंच महिना काढतील आणि तारीख गेली की म्हणतील, अगं राहूनच गेलं.

तयारी मात्र आम्ही धडाक्यात चालवली होती. दर रविवारी मी येरमाळ्याला जायचे. शकूच्या आबांनी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून दिली होती, ती गावाबाहेरच्या पाझर तलावात टाकून आम्ही तिच्यावर बसायचो. वल्ही हवीत म्हणून गावच्या सुताराकडं गेलो. त्यानं जन्मात वल्हं पाहिलेलं नव्हतं. आम्ही जमिनीवर काडीनं चित्र काढून दाखवलं, त्यानं बराच वेळ मान वाकडी करून ते पाहिलं आणि विचारलं, “कशात हाटायचं हे?” त्याला ते पिठलं हाटायचं उलथनं वाटलं होतं. आम्ही पाण्यात म्हणालो तर त्यानं आमच्याकडं असं बघितलं की शकू हसून खालीच बसली. त्यानं जे बनवून दिलं ते बाभळीचं होतं, आणि ओल्या बाभळीचं वल्हं पाण्यात पडलं की तरंगत नाही, बुडतं. पहिल्याच दिवशी माझं बुडालं. मग सूर मारून ते वर काढायचं आणि पुन्हा ट्यूबवर चढायचं, एवढीच आमची प्रॅक्टिस. तरी खांदे भरून यायचे आणि एसटीत परत येताना मी खिडकीशी बसून हिमालयातल्या नदीच्या गप्पा मनातल्या मनात मारायचे.

इकडं आईनं तिसरंच काम सुरू केलं होतं. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पण एके दिवशी मी घरी आले तर ती चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी मंद आचेवर कडक करत होती. कडक भाकरी महिनाभर टिकते. पत्र्याच्या डब्यात तिनं चवड रचली, वर शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवली आणि म्हणाली, तिकडं पराठे खाऊन पोट बिघडतंय म्हणे. एवढंच. अण्णा समोर बसले होते. त्यांनी डब्याकडं पाहिलं आणि पेपर वर धरला.

मग अर्ज आला. एकच प्रत, हिंदीत छापलेली, मॅडमची सही आणि कॉलेजचा शिक्का मारलेली. अण्णांनी तो कचेरीचा कागद वाचावा तसा बोट ठेवून वाचला आणि बोट एका ओळीवर थांबलं. पित्याचा किंवा पालकाचा राजीनामा, राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यासह, अर्जाला जोडणं अनिवार्य आहे. त्यांनी तीनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, काहीतरी चुकलं असंल त्यांचं. अण्णा म्हणाले, छापील आहे. माझ्या वडिलांच्या लेखी छापील चुकत नसे. त्यांनी विचार करून अर्थही लावला, की धोक्याचं काम आहे, सरकारी नोकराच्या मुलीचं काही बरंवाईट झालं तर सरकारवर जबाबदारी येते, म्हणून आधी त्यानं नोकरीतून मोकळं व्हायचं, असा तिकडं नियम असंल. हे सगळं इतकं शांतपणे आणि इतकं कलमवार सांगितलं की मलाही ते खरं वाटलं. हिंदीत नोकरी सोडण्याला इस्तीफा म्हणतात हे मी रोज रेडिओच्या बातम्यांत ऐकत होते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात ते आलं नाही, मॅडमच्याही नाही. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मी एसटी स्टँडसमोरच्या बूथवरून शिबिराला फोन लावला. तासभर लागला नाही, लागला तेव्हा नुसती खरखर. शेवटी एक म्हातारा माणूस बोलला. मी विचारलं, वडिलांचा राजीनामा खरंच लागतो का. तो म्हणाला, “हाँ बेटी, सबके पिताजी देते हैं। उसके बिना हम नदी में उतारते ही नहीं।” आणि लाईन तुटली. शकूला विचारलं, तुझ्या आबांनी काय केलं. आबांना तर नोकरीच नव्हती, पंधरा एकर रान आणि दोन बैलजोड्या. शकू म्हणाली, मी अर्ज वाचून दाखवला तर आबा म्हणाले, “कशाचा का असंना, म्या देतो की. आन हिकडं.” तिनं लिहिलेल्या दोन ओळींखाली त्यांनी सही ठोकली, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांचा शिक्का घेतला, आणि त्याच दिवशी पोस्टात टाकलासुद्धा. मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

शकूकडून हे ऐकलं त्याच संध्याकाळी अण्णा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि नेहमीचं वाक्य म्हणाले. माझं टाळकं सरकलं.

“रोज फेकता की तोंडावर,” मी म्हणाले. “मग एकदा फेका ना माझ्यासाठी. नाहीतर रोजचं हे नाटक तरी बंद करा.”

आईनं माझ्या हातातला तांब्या काढून घेतला, जणू मी तो फेकणार होते. खाली मशिनी चालू होत्या. अण्णा हातपाय न धुता खाटेवर बसले आणि बराच वेळ पायातले मोजे काढत राहिले. मला वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला वाटलं, बरं झालं, बोलले. वीस वर्षांची मुलगी किती निर्दयी असू शकते हे आता मुलींची आई झाल्यावर समजतं, आणि समजून काही उपयोग नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कचेरीत न जाता दिगंबरकाकांकडं गेले. दिगंबरकाका कोर्टासमोर बसणारे जुने अर्जनवीस. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं, अजून हिशेब आणि सही उर्दूत करायचे. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा धंदा. अण्णा त्यांच्याकडं गेले ते राजीनामा लिहून घ्यायला. ज्यांच्या मसुद्यावर साहेब डोळे मिटून सही करायचा, त्यांना हा एक मसुदा स्वतः लिहवेना. हे मला आईनं नंतर सांगितलं. तेव्हा मी घरात फुगून बसले होते. दुपारी अण्णा आणि काका दोघं जिना चढून वर आले आणि काकांना हसू आवरत नव्हतं.

“अगं पोरी,” काका म्हणाले, “हा आपला राजीनामा न्हाय. हा उर्दूतला. राजी असल्याचा कागद. पूर्वी कोर्टात दोन पार्ट्या राजी झाल्या की असाच राजीनामा लिहायचे, मीच शंभरेक लिहिलेत. तिथला मुन्शी माझ्याच वयाचा दिसतोय.”

म्हणजे फक्त परवानगी. दहा दिवस एका शब्दावर अडकून बसलो होतो, आणि तो शब्द उकलणारा माणूस आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहत होता. आई हसली, मी हसले, अण्णाही हसले, पण त्यांनी टोपी काढली नव्हती. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. काकांच्या ओट्यावर बसून त्यांनी तो लगेच लिहून टाकला होता, मराठीतच, कारण लिपी एकच आहे, वाचतील की, म्हणाले. वर ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून, राजीनामा. अर्जात जो शब्द आहे तोच मथळ्यात असावा हा त्यांचा नियम. मी नुसता मथळा पाहिला आणि आनंदानं आतल्या खोलीत गेले, पिशवी काढायला. अण्णांनी माझा अर्ज त्याला टाचला आणि राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीसाठी घेऊन गेले. कुणाकडं? स्वतःच्या साहेबाकडं. कॉलेजच्या प्राचार्यांची सही चालली असती, शकूसारखी डॉक्टरची चालली असती. पण अण्णा म्हणाले, आपल्या साहेबाला डावलून बाहेर सही घेणं बरं दिसत नाही. त्यांनी कागद सहीच्या फोल्डरमध्ये ठेवला, इतर पंचवीस कागदांच्या मधे.

तुम्हाला आलंच असंल लक्षात. साहेबानं मथळा वाचला. खालचं वाचलं नाही. समासात हिरव्या शाईनं लिहिलं, ‘मान्य. त्वरित कार्यमुक्त करावे,’ सही केली, शिक्का मारला आणि आठ दिवसांच्या दौऱ्यावर निघून गेला. शिपायानं कागद आस्थापनेच्या टेबलावर टाकला. तिथल्या बाईनं आवक नोंदवलं, नंबर टाकला, नस्ती उघडली. अण्णांना हे समजलं ते तिसऱ्या दिवशी, शेजारच्या टेबलावरच्या माणसानं विचारलं तेव्हा, की निरोपसमारंभ कधी ठेवायचा, आणि शाल कुठल्या रंगाची आवडते.

अण्णा धावत आस्थापनेत गेले. कागद समोर, नस्तीत, माझा अर्ज त्याला टाचलेला. हात लावता येईना. नोंद झालीय, साहेबांचा शेरा आहे, त्यांच्या सहीशिवाय परत देता येत नाही, बाई म्हणाली. नियमानं तिचं बरोबर होतं. हा नियम अण्णांनी स्वतः शेकडो लोकांना सांगितलेला. मी म्हणाले, दुसरा लिहा. तर अर्ज एकच होता, तो आत. मी म्हणाले, बाईला खालचं वाचायला सांगा ना, स्पष्ट लिहिलंय ना त्यात. अण्णा म्हणाले, वाचलं त्यांनी, पण वाचून काय, शेरा वर आहे. मी भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलं होतं. चौथा दिवस गेला, पाचवा गेला, मधे रविवार आला. रजिस्टर पोस्टाला उत्तरेत जायला आठ दिवस लागायचे. मी रोज कॅलेंडरसमोर उभी राहायचे आणि रोज अण्णांना एकच प्रश्न विचारायचे. ते रोज म्हणायचे, साहेब आले की होईल. साहेब आले, आणि कागद परत घेण्यासाठी अण्णांना नवा अर्ज करावा लागला, ‘विषय: राजीनामा मागे घेण्याबाबत’. साहेबानं त्याच्यावरही न वाचता सही केली. मान्य.

तारीख गेली होती. मी पुन्हा बूथवर गेले, पुन्हा तोच म्हातारा. यादी बंद झाली बेटी, अगले साल. पुढच्या वर्षी ते शिबिर निघालं नाही, आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं.

शकू गेली. लातूरच्या एका मुलीबरोबर. परत आली तेव्हा तिच्या नाकाची सालटं निघाली होती आणि ती सारखी नदीबद्दल बोलायची, मग माझ्याकडं पाहून मधेच थांबायची. ते थांबणं मला जास्त लागायचं. आमच्या घरी महिनाभर आमटीत कडक भाकरी मोडून खाणं चाललं होतं. तिचा कडाकडा आवाज आला की मी ताटावरून उठायचे. आई म्हणायची, टाकायच्या का मग? अण्णा खाली मान घालून जेवायचे, आणि सगळ्यांत जास्त भाकरी तेच खायचे.

ज्या दिवशी कागद परत मिळाला त्या संध्याकाळी ते वर आले, टोपी खुंटीला लावली, पण नेहमीचं वाक्य म्हणाले नाहीत. बावीस वर्षं नोकरी झाली होती. तो कागद आणि अर्ज त्यांनी माझ्यापुढं धरला.

“खालचं वाचलंच नाही गं त्यांनी,” ते म्हणाले. “का जातोस, असंसुद्धा विचारलं नाही.”

मला तेव्हा वाटलं, हे आता स्वतःचंच रडगाणं गाणार. माझी नदी गेली होती आणि यांना साहेबानं विचारलं नाही याचं दुःख. मी कागद हातातून ओढून घेतला आणि घडीसकट ट्रंकेत पुस्तकांच्या खाली कोंबला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अण्णांनी घरात राजीनामा हा शब्द उच्चारला नाही. साडेसहाला यायचे, हातपाय धुवायचे, चहा प्यायचे. आई कधीकधी वाट बघायची असं मला वाटतं.

गेल्या वर्षी माझी भाची, चुलतभावाची मुलगी, त्याच नदीवर राफ्टिंगला गेली. तिची तयारी म्हणजे अर्धा तास. सोफ्यावर लोळत मोबाईलवर बुकिंग केलं, एक लांबलचक मजकूर आला, तिनं खाली जाऊन ‘मान्य आहे’च्या चौकोनावर बोट ठेवलं. मी म्हणाले, अगं वाच तरी. ती म्हणाली, “ते कोण वाचतं, आत्या.” मी तिच्यावर उगाच खेकसले. मग मी उठले, माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावली. अण्णा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. कागद सापडला. टाचणी गंजून अर्जाला भोक पडलं होतं, हिरवी शाई मात्र तशीच. मी त्याच्या मथळ्याच्या खालचं पहिल्यांदाच वाचत होते. साहेबानं वाचलं नाही म्हणून आयुष्यभर त्याला शिव्या घातल्या, आणि मीही वाचलं नव्हतं.

एसटी तेरणेच्या पुलावर आली की अण्णा डोळे मिटायचे. मला वाटायचं, डुलकी लागली.

“राजीनामा,” अण्णांच्या त्या वळणदार कारकुनी अक्षरात होतं, “लिहून देतो ऐसा की, माझी मुलगी चि. नलिनी हिस आपल्या नदीच्या शिबिरास पाठवण्यास मी राजी आहे. सदर मुलगी विहिरीत चोरून पोहण्यास शिकलेली असून तिला पाण्याची भीती नाही. मला आहे. पुलावरून जातेवेळी मी डोळे मिटून घेतो. हे तिला माहीत नाही, व आपणही तिला कळवू नये. माझ्या भीतीपायी तिचे जाणे अडू नये, सबब हा राजीनामा राजीखुशीने लिहून दिला असे.”